अळंबीच्या आधी रान पाहावे

अळंबीच्या जागा हेरायच्या असतील तर पावसाची वाट पाहू नये. चैत्र-वैशाखात रानात जावे. पानगळीची झाडे तेव्हा उघडी असतात, गवत वाळून बसलेले असते. खोडांवरच्या जुन्या जखमा, ढोल्या, वठलेल्या फांद्या, आडवे पडलेले ओंडके आणि वारुळे लांबूनही नजरेस पडतात. आषाढात त्याच जागी कमरेइतके रान माजते, पायांना जळवा लागतात आणि दहा हातांपलीकडचे काही दिसेनासे होते. तोवर कुठे जायचे हे ठरलेले असले पाहिजे.

उन्हाळ्यात अळंबी नसते, पण ती जिच्यातून येते ती बुरशी असते. आपण जिला भुईछत्री किंवा कुत्र्याची छत्री म्हणतो ते बुरशीचे फळ. आंब्याच्या झाडाला जसा आंबा, तशी बुरशीला छत्री. फरक इतकाच की इथे झाड दिसत नाही. केसाहून बारीक तंतूंचे जाळे मातीत, पालापाचोळ्यात, लाकडाच्या आत पसरलेले असते. ते वर्षानुवर्षे तिथेच राहते, खाते, वाढते आणि ओल, ऊब, हवा यांचा मेळ जमला की दोन-चार दिवसांपुरते फळ वर काढते. हे फळ शोधत भटकणाऱ्याला ते नशिबाने भेटते. बुरशी काय खाऊन जगते हे ज्याला कळले, त्याला ते दर वर्षी भेटते. म्हणून माझे सांगणे असे की आपल्या रानात अळंबी शोधण्याआधी तिची उपजीविका शोधावी.

ही उपजीविका सर्व देशांत सारखी नसते. अळंबीवरची बहुतेक सचित्र पुस्तके युरोप-अमेरिकेतली. त्यांत पहिला धडा असतो तो झाडांचा: ओकखाली ही, बर्चखाली ती, पाइनखाली आणखी तिसरी. तिकडे हा धडा अगदी खरा आहे. तिथल्या कितीतरी बुरशा झाडांच्या कोवळ्या मुळांवर बाहेरून पांघरूण घालतात, झाडाला मातीतले पाणी आणि क्षार मिळवून देतात व बदल्यात साखर घेतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी 1885 मध्ये या भागीदारीला मायकोरायझा हे नाव दिले. प्रशियाच्या सरकारने त्यांना ट्रफल नावाच्या महागड्या भूमिगत अळंबीची लागवड करता येईल का ते पाहायला सांगितले होते. लागवड राहिली बाजूला, पण झाडांच्या मुळांकडे पाहण्याची सगळ्यांची दृष्टी त्यातून बदलली.

सह्याद्रीत हा धडा जसाच्या तसा लावला तर निराशा पदरी येते. आपल्याकडच्या बहुतेक झाडांचीही बुरशीशी भागीदारी असते, पण ती वेगळ्या जातीची. आंबा, जांभूळ, साग यांच्या मुळांत शिरणारी बुरशी पेशींच्या आत झुडपासारखी फांदते आणि छत्री म्हणून कधी उगवतच नाही. मातीतले तिचे बीजाणू पाहायलाही सूक्ष्मदर्शक लागतो. म्हणजे जांभळाच्या मुळाशी कामकाज जोरात चालू असले तरी जमिनीवर त्याची कुठलीच खूण नसते.

अपवाद आहेत, आणि ते लक्षात ठेवण्यासारखे आहेत. सालवृक्षाच्या मुळांवर पांघरूण घालणारी बुरशी असते, म्हणूनच बस्तरच्या सालवनात पावसाच्या सुरुवातीला जमिनीत गोट्यांएवढे गोल बोडे मिळतात आणि बाजारात त्यांना मोठा भाव येतो. सालाच्याच कुळातली मोठी झाडे कर्नाटक-केरळच्या सह्याद्रीत आहेत, तिथेही अशा बुरशा नोंदल्या गेल्या आहेत. कोकण-गोव्यात हा प्रकार पाहायचा तर उलट जंगलाबाहेर जावे लागते. रस्त्याकडेच्या निलगिरीच्या किंवा ऑस्ट्रेलियन बाभळीच्या लागवडीत लाल मातीतून ओबडधोबड, मातकट चेंडू वर आलेले दिसतात, फोडले की आत तपकिरी भुकटी. या झाडांना परदेशातून इकडे आणले तेव्हा त्यांचे बुरशी-सोबतीही त्यांच्याबरोबर आले. हे चेंडू खाण्याचे नाहीत. पण एखाद्या माळावरचे झाड मूळचे की आणलेले, याचा पुरावा जमिनीतून असा उगवतो ही मला मोठी नवलाची गोष्ट वाटते.

मग आपल्या रानात पाहायचे ते काय? प्रामुख्याने दोन गोष्टी: वारूळ आणि मेलेले लाकूड.

वारुळाची गोष्ट आधी सांगितली पाहिजे, कारण कोकणात अळंबी, गोव्यात ओल्मी आणि झाडीपट्टीत सात्या म्हणून जिच्यावर लोक जीव टाकतात, ती बहुतांशी वाळवीच्या घरातून येते. टर्मिटोमायसीस हे तिच्या गणाचे नाव. फ्रेंच बुरशीशास्त्रज्ञ रोजे हाइम यांनी ते 1942 मध्ये दिले. जगात वाळवीच्या सुमारे 330 जाती अशा आहेत की त्यांना लाकूड स्वतःला पचवता येत नाही, त्या बुरशीकडून ते पचवून घेतात. हा व्यवहार आफ्रिकेत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला असे जनुकीय अभ्यास सांगतात. माणसाची शेती फार तर दहा-बारा हजार वर्षांची, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही.

या शेतीची रीत अशी. कामकरी वाळवी रानातून वाळके लाकूड, पाने, काटक्या कुरतडून आणते आणि खाते. त्याबरोबर बुरशीचे बीजाणूही तिच्या पोटात जातात. अर्धवट पचलेली ही विष्ठा ती वारुळाच्या आतल्या कप्प्यात रचत जाते आणि त्यातून स्पंजासारखा, चाळणी-चाळणीचा पोळा तयार होतो. पोळ्यावर बुरशी वाढते, लाकडातला कठीण भाग फोडते आणि खसखशीएवढे पांढरे दाणे धरते. वाळवी हे दाणे खाते आणि पुढे जुना झालेला पोळाही खाते. पोळ्याला बाराही महिने साधारण तीस अंशांच्या आसपासची ऊब आणि भरपूर दमटपणा लागतो. तो टिकवण्यासाठीच वारुळातल्या त्या नळ्या, पोकळ्या आणि जाड भिंती. आपण ज्याला मातीचा ढिगारा समजतो ते खरे तर बुरशीसाठी हवा खेळती ठेवणारे घर आहे.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाल्या वाळव्यांचे थवे येतात. तीच नव्या वारुळांची सुरुवात. जोडी जमते, पंख गळतात, जमिनीत घर होते. पण बहुतेक जातींत ही जोडी बुरशीचे बियाणे सोबत नेत नाही. पिलांची पहिली खेप मोठी होऊन बाहेर पडते, तेव्हा रानात पडलेले टर्मिटोमायसीसचे बीजाणू तिने आणलेल्या काडीकचऱ्याबरोबर घरात येतात. मृगात वाळवी उडते आणि साधारण पुष्य-आश्लेषाच्या सुमाराला जुन्या वारुळांवर अळंबी उमलते, हा क्रम म्हणूनच अर्थपूर्ण आहे. नव्या घरांना बियाणे लागते त्याच काळात जुन्या घरांतून ते हवेत पडते.

आता या माहितीचा रानात उपयोग काय ते सांगतो. पहिले असे की वारूळ जिवंत आहे की ओसाड, हे उन्हाळ्यातच ओळखून ठेवावे. जिवंत वारुळावर कुठे ना कुठे ताज्या, ओलसर रंगाच्या मातीची डागडुजी दिसते आणि आसपासच्या खोडांवर मातीचे नवे लेप चढलेले असतात. ओसाड वारूळ धुपून बोथट होते, त्याच्यावर गवत-झुडपे येतात. अशा सोडलेल्या वारुळावर पुढे काळ्या, बोटांसारख्या काड्या उगवतात. ती झायलेरिया कुळातली बुरशी. वाळवीचा पहारा उठला की पोळ्याचा ताबा तिच्याकडे जातो. त्या काड्या दिसल्या की तिथे अळंबीची आशा सोडून द्यावी.

दुसरे असे की सगळी वाळवी उंच वारुळे बांधत नाही. पुष्कळ वारुळे पूर्णपणे जमिनीखाली असतात आणि सपाट जागेवर अचानक अळंबीचा ताटवा उठतो. अशा जागेला उन्हाळ्यात एकच खूण असते: आजूबाजूच्या पालापाचोळ्यावर, काटक्यांवर, गुरांच्या वाळलेल्या शेणावर वाळवीने चढवलेले मातीचे पातळ कवच. ते जिथे दाट, तिथे खाली घर आहे असे समजावे. याच गणातली एक अगदी बारीक जात शेकड्यांनी एकदम उगवते, जमिनीवर पांढरी चादर अंथरल्यासारखी. वाळवीने बाहेर आणून टाकलेल्या पोळ्याच्या तुकड्यांवर ती वाढते, म्हणून तिला मोठ्या अळंबीसारखे लांब मूळ नसते. मोठी अळंबी मात्र मातीखालच्या पोळ्यापासून हातभर लांबीचे मूळ वर काढते आणि टोकदार टोपीने माती फोडून बाहेर येते.

हे मूळ पाहण्याचा मोह पुष्कळांना आवरत नाही. पहारीने वारूळ उकरले जाते, पोळे फुटतात आणि पुढल्या वर्षी तिथे काही येत नाही. टर्मिटोमायसीसची अळंबी आजवर कुणालाही धिंगरीसारखी पेंढ्यावर पिकवता आलेली नाही. तिला वाळवीच लागते, आणि वाळवीला तिचे रान. गोव्यातील बुरशीशास्त्रज्ञ डॉ. नंदकुमार कामत वर्षानुवर्षे हेच सांगत आले आहेत. पावसाळ्यात गोव्याच्या रस्त्यांकडेला पानांत बांधलेली ओल्मी विकायला येते, त्यात न उमललेल्या कळ्यांना मागणी जास्त. कळी खुडली की बीजाणू पडायच्या आतच फळ गेले. एका वारुळावरच्या सगळ्या कळ्या नेल्या तर त्या वर्षी त्या परिसरातल्या नव्या वारुळांना तिथून बियाणे मिळणार नाही. जुन्या जाणत्या बायका अळंबी काढताना थोडी उमललेली तशीच ठेवतात. त्यामागचे शास्त्र त्यांना कुणी शिकवलेले नाही, पण ते पक्के आहे.

आता लाकूड. लाकडात दोन मुख्य द्रव्ये असतात: धाग्यांसारखा सेल्युलोज आणि त्या धाग्यांना घट्ट बांधून ठेवणारे लिग्निन. लिग्निन फोडणे हे जीवसृष्टीत फार थोड्यांना जमते आणि त्यात बुरशा सर्वांत पुढे. ज्या बुरशा लिग्निनही खातात त्यांच्या हाताखाली लाकूड फिकट, पांढुरके आणि तंतुमय होते. ज्या सेल्युलोज खाऊन लिग्निन मागे ठेवतात, त्यांच्यामुळे ते तपकिरी होऊन चौकोनी ठोकळ्यांत भेगाळते. कुजलेल्या ओंडक्याचा तुकडा बोटांनी मोडून पाहिला की आत कोण बसले आहे याचा अंदाज भर उन्हाळ्यात येतो. आपल्या पानगळीच्या व निमसदाहरित रानात पांढरी कुज जास्त पाहायला मिळते.

लाकडाची जातही पाहावी. पांगारा, सावर यांचे लाकूड हलके, एकदोन पावसाळ्यांत मऊ पडते. अशा ओंडक्यावर कानाच्या पाळीसारखी, लुसलुशीत तपकिरी बुरशी हमखास येते. उन्हात ती सुकून चिमटते आणि सर आली की पुन्हा फुगते. आंब्याच्या वाळक्या फांदीवर पंख्यासारखी, वरून राखी लवेची आणि खालून दुभंगलेल्या पट्ट्यांची लहान अळंबी असते. ही जगभर सापडते आणि मणिपूरसारख्या ईशान्येकडच्या राज्यांत ती बाजारात विकत घेऊन खातात. सागाचा, खैराचा गाभा मात्र वर्षानुवर्षे टिकतो आणि त्यावर फारशी वस्ती होत नाही. एकाच वयाच्या सागाच्या लागवडीत, जिथे पडलेली काटकी उचलली जाते आणि उन्हाळ्यात आग फिरते, तिथे लाकडावरच्या बुरशीची मी तरी फार अपेक्षा ठेवत नाही.

उजेडाचाही हिशेब असतो. उघड्यावर, उन्हात पडलेल्या ओंडक्यावर शेंदरी-लाल रंगाची चामड्यासारखी कड, म्हणजे फळीसारखी आडवी वाढणारी बुरशी, दिसली तर ती जागा कोरडी व तापणारी आहे हे कळते. दाट सावलीतल्या ओल्या काटकीवर गुलाबी-केशरी इवल्या वाट्या लागलेल्या असतील तर तिथे वरचे छत जुने आहे, हवा दमट राहते, आणि त्या पट्ट्यात सावकाश फिरावे. कारवीच्या जाळीतून जाणारे ओहोळ, उत्तरेकडचा उतार, दोन मोठ्या झाडांच्या मुळांत साठलेला पालापाचोळा, खोडांवर शेवाळाबरोबर दाट धरलेले दगडफूल या सगळ्या टिकणाऱ्या ओलीच्या खुणा. पावसाचा आकडा त्या मानाने कमी उपयोगाचा. घाटमाथ्यावर धो धो पाऊस पडतो तेव्हा छत्र्या झोडपल्या जातात आणि सडतात. त्यांचे खरे दिवस उघडिपीचे, श्रावणातल्या ऊन-पावसाचे.

मनाजोगते झाड म्हणजे कोणते, या प्रश्नाचे उत्तर लाकूड व्यापाऱ्याचे एक आणि रानात बुरशी पाहणाऱ्याचे अगदी उलट. सरळसोट, निरोगी, घेरदार खोड त्याला हवे. मला हवे ते झाड जुने, वाकडे, एखादी फांदी वठलेली, बुंध्याशी पोकळ आणि अंगावर दोन-तीन प्रकारच्या कडा मिरवणारे. कोकणात राबासाठी ऐन-किंजळाच्या फांद्या दर वर्षी तोडतात. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची ती जुनी रीत. तोडलेल्या फांदीची जखम हे बुरशीचे दार असते. वर्षानुवर्षे शेंडा-फांद्या तोडलेला ऐन आतून पोकळ होत जातो, पण बाहेरचा जिवंत थर त्याला उभा ठेवतो आणि असे झाड दीर्घकाळ जगू शकते. पोकळी म्हणजे झाड मेले असे नव्हे. झाडाचा गाभा मुळात मृत पेशींचाच असतो, तो बुरशीने खाल्ला तरी पाणी आणि अन्न वाहणारे थर सालीजवळ शाबूत राहतात. बुंध्याशी लाखेसारखी चकाकणारी, लाल-तपकिरी जाड कड धरली असेल तर मात्र मुळांत आणि बुडख्यात कुज शिरली आहे असे समजावे. घराजवळ, रस्त्याजवळ असे झाड असेल तर त्याकडे जाणकाराचे लक्ष हवे. रानात असेल तर ते तसेच राहू द्यावे.

राहू द्यावे, कारण त्या पोकळीवर आणखी कुणाचे तरी आयुष्य अवलंबून असते. धनेश पक्ष्याला ढोली कोरता येत नाही. बेहडा, सातवीण, आंबा अशा जुन्या झाडांत बुरशीने केलेली पोकळी सापडली तरच तो घर करतो. मादी आत बसून ढोलीचे तोंड लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते आणि नर तिला फळे आणून भरवतो. हीच फळे खाऊन धनेश रानभर बिया टाकतो. म्हणजे एका बुरशीच्या वर्षानुवर्षांच्या सावकाश खाण्यातून पुढच्या रानाची पेरणी होते. रानाची साफसफाई म्हणून जेव्हा वठलेली झाडे काढली जातात, पडलेले ओंडके उचलून नेले जातात, तेव्हा हे सगळे एकदम जाते. गावाच्या चुलीला लागणाऱ्या काटक्यांची गोष्ट वेगळी. पण सरसकट मेलेले लाकूड हटवणे म्हणजे जंगल सुधारणे, ही समजूत चुकीची आहे, आणि ती सोडायला फार उशीर होत आहे.

याचा सर्वांत चांगला पुरावा देवरायांत मिळतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांची नोंद घेतली, तेव्हा पुष्कळ ठिकाणी देवाच्या रानातली पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही असा दंडक होता. त्यामुळे तिथे सर्व वयांचे मेलेले लाकूड एकत्र मिळते: कालच्या वादळात पडलेली फांदी, दहा वर्षांचा ओंडका आणि माती व्हायला आलेला बुंधा. प्रत्येक अवस्थेचे भाडेकरू वेगळे. उभ्या-आडव्या गारंबीच्या वेली, मांडीएवढी मुळे आणि पायाखाली स्पंज झालेला पालापाचोळा असलेल्या देवराईत एका ओंडक्याजवळ तासभर बसावे, असे मी सांगेन. रानभर पायपीट करून जे दिसत नाही ते तिथे बसल्या जागी दिसते. अलीकडे मात्र मंदिरांच्या जीर्णोद्धाराबरोबर देवराईत फरशी येते, पाचोळा झाडला जातो, जुनी झाडे धोकादायक ठरवून पाडली जातात. फरशीवर बुरशी उगवत नाही.

भीमाशंकरच्या रानात पावसाळ्यात रात्री ओले, कुजके लाकूड हिरवट उजळते, तेही याच मेलेल्या लाकडाचे देणे. मायसिना गणातल्या काही बुरशा स्वतःच्या शरीरातल्या रासायनिक क्रियेने प्रकाश देतात. त्यात उष्णता जवळजवळ नसते. जगात प्रकाश देणाऱ्या बुरशांच्या शंभराहून अधिक जाती माहीत आहेत. सह्याद्रीत अंजनी, जांभूळ, पिसा या झाडांचे दमट रान आणि गोव्यातली अभयारण्ये इथे त्या दिसतात. पाहायचे असेल तर अमावास्येच्या आसपास, स्थानिक वाटाड्या आणि वनखात्याची परवानगी घेऊन जावे, विजेरी बंद करावी आणि डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी. हल्ली या दृश्यासाठी गर्दी होते आणि माणसे ओंडके हलवून, साली सोलून छायाचित्रे काढतात. सोललेले लाकूड सुकते आणि प्रकाश विझतो.

नोंद कशी ठेवावी? वहीत प्रत्येक जागेसाठी झाडाचे नाव, लाकूड उभे की आडवे, कुजेचा रंग, सावली, उतार आणि जवळचे पाणी लिहावे. पावसाळ्यात छत्री दिसली की तारीख आणि नक्षत्र लिहावे, कारण गावातल्या म्हाताऱ्यांशी पडताळा घेताना नक्षत्रच उपयोगी पडते. एक टोपी देठापासून अलग करून, खालची बाजू कागदावर टेकवून, अर्धा पांढरा अर्धा काळा कागद घेऊन, वाटी पालथी घालून रात्रभर ठेवावी. सकाळी बीजाणूंचा ठसा उमटलेला असतो. त्याचा रंग ही ओळखीची फार महत्त्वाची खूण. टर्मिटोमायसीसचा ठसा गुलाबीसर येतो, विषारी अमॅनिटाचा पांढरा. हिरवळीवर, परसात उगवणारी एक देखणी पांढरी छत्री खाण्याच्या अळंबीसारखी दिसते, पण तिचा ठसा हिरवट असतो आणि ती खाल्ली की उलट्या-जुलाबांनी माणूस हैराण होतो.

इथे मला अगदी स्पष्ट बोलले पाहिजे. या लेखाच्या, कुठल्याही पुस्तकाच्या किंवा मोबाइलवरच्या छायाचित्राच्या आधाराने रानातली अळंबी कुणीही खाऊ नये. एप्रिल 2022 मध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन काही दिवसांत 13 जण दगावले, त्यांतले बहुतेक चहामळ्यांतल्या कुटुंबांतले होते. अमॅनिटा आणि काही लहान लेपिओटा यांच्यातले विष शिजवून, वाळवून, उकळून नष्ट होत नाही. ते यकृताच्या पेशींतले प्रथिने घडवण्याचे काम बंद पाडते. सर्वांत घातक गोष्ट म्हणजे सहा तास ते दिवसभर काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, ते थांबतात, रोग्याला बरे वाटते आणि तोवर आत यकृत निकामी होत असते. म्हणून अळंबी खाल्ल्यावर उशिराने त्रास सुरू झाला तर तो जास्त गंभीर समजावा, बरे वाटायची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात जावे आणि उरलेली अळंबी सोबत न्यावी.

चांदीचे नाणे काळे पडले नाही म्हणजे अळंबी चांगली, लसूण काळी पडली तर वाईट, किड्यांनी खाल्लेली असेल तर माणसालाही चालते, हे सगळे खोटे आहे. किड्यांचे आणि गोगलगायींचे शरीर वेगळे, त्यांना न बाधणारे विष माणसाला मारते. गावातल्या जाणत्या माणसांचे ज्ञान मात्र या ठोकताळ्यांत मोडत नाही. ते अमुक वारूळ, अमुक नक्षत्र, अमुक वास आणि मूळ असे नेमके असते, आणि त्या परिसरापुरते असते. अशी जाणती बाई दुसऱ्या जिल्ह्यात गेली तर ओळखीची वाटणारी छत्री खुडताना थांबते. हे थांबणे शिकण्यासारखे आहे.

औषधाच्या बाबतीतही तोच विवेक हवा. फणसाच्या जुन्या खोडावर लाकडासारखी कठीण, खालून पिवळसर-तपकिरी कड येते, तिला कोकणात फणसोंबा म्हणतात आणि लहान मुलांचे तोंड आले की ती उगाळून देण्याची रीत आहे. परंपरा जुनी आहे, तिच्यावर संशोधनही झाले आहे. पण ज्या झाडांवर ती येते ती झाडे आता कमी होत चालली. तरण्या फणसावर ती सहसा येत नाही, आणि म्हातारा फणस आज घराच्या चौकटीसाठी कापला जातो.

शेवटी कायद्याचे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही काढून नेता येत नाही, अळंबीसुद्धा नाही. गोव्यात ओल्मीबाबत वनखाते याची आठवण करून देत असते. 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्या समाजांना गौण वनोपजावर हक्क दिले आहेत. शहरातून हौसेने गेलेल्याने त्यांच्या हक्काच्या वारुळांवर हात टाकू नये. त्याने वही, भिंग आणि कागद घेऊन जावे. गावाची परवानगी विचारावी. वारूळ उकरू नये, ओंडका उलटला तर होता तसा परत ठेवावा, आणि नेमकी जागा इंटरनेटवर टाकू नये. तुमच्या गावाजवळ एखादी राई असेल, परसात वठलेला आंबा असेल, तर या उन्हाळ्यात तिथूनच सुरुवात करा, आणि तो आंबा तोडायचा विषय घरात निघाला तर त्याच्या बाजूने बोला.